तात्यांचं देणं

तात्या वनखात्यात वनमजूर होते. गावात त्यांना फार मान होता असं नाही. पिंजऱ्यात बिबट्या अडकला नाही की शिव्या त्यांनाच बसत. पण मांजरकुळाबद्दल मला जे काही नेमकं कळतं, ते या माणसाच्या पायाशी बसून कळलं.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी. मी शाळेत असताना एकदा द्राक्षबागेच्या बांधावर ओल्या मातीत ठसे उमटले. आजीने गोठ्याचं दार लावून घेतलं. तात्या आले, ठशांपाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, “पोरी, आधी नखं शोध.” नखं दिसत होती. “मग हे कुत्रं नाहीतर तरस. वाघरू चालताना नखं आत ओढून घेतं.”

पुढे वाचनात आलं, की चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत. धावताना जमिनीत रुतायला ती उपयोगी पडतात, म्हणून त्याच्या ठशात ती उमटतात. पण चित्ता आमच्या शिवारात येणार कुठून? भारतातून तो संपल्याचं 1952 सालीच जाहीर झालं; सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ आणले, ते मध्य प्रदेशातल्या कुनोत. तरी ‘चित्ता दिसला’ म्हणून व्हिडिओ फिरतातच. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलं. एवढं बघायला काय पैसे पडतात?

कॉलेजात असताना सुट्टीत मी तात्यांसाठी एक सचित्र पुस्तक नेलं. दक्षिण अमेरिकेतल्या जग्वारचं पान उघडलं आणि मी मजकूर वाचायच्या आत ते म्हणाले, “हा आपला नाही. याच्या फुलात ठिपका आहे.” पुस्तकातही हाच फरक दिला होता. हिमबिबट्याची लांब, केसाळ शेपूट थंडीत तोंडावर घ्यायला कामी येते म्हटल्यावर हसले, “शेपूट कसली, घोंगडीच की!” वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार डरकाळी फोडतात आणि त्यांच्याच कुळातल्या हिमबिबट्याला ती जमत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. सिंहाचं कळपात राहणं मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. एकट्याने हिंडणारा बिबट्या बघण्यात त्यांचा जन्म गेलेला.

पट्टेरी वाघाला मोठं रान आणि मोठी शिकार लागते. बिबट्या कोंबडी, ससा, डुक्कर, कुत्रं, जे मिळेल त्यावर भागवतो. आमच्याकडे कालव्यांचं पाणी आलं, निसाका-रासाका या साखर कारखान्यांच्या दिवसांत ऊस वाढला; वर्षभर उभं पीक, आत गारवा, शेजारी वस्तीवरची कुत्री. त्याला आणखी काय हवं? शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. त्यांनी 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेला तो बिबट्या शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. ही हकिगत सांगितल्यावर तात्या म्हणाले, “उचलून दुसरीकडं सोडायचं ते आपल्या समाधानाला.” जुन्नर भागातल्या अनुभवावरून अभ्यासकांनीही हेच मांडलं आहे: पकडून परक्या मुलखात सोडलेल्या बिबट्यांनी तिथले हल्ले वाढतात.

विहिरीत बिबट्या पडला की तात्यांचं खरं काम दिसे. दोरांनी बाज खाली सोडायची, तो तिच्यावर चढून बसला की सावकाश ओढायची आणि वर त्याची वाट मोकळी ठेवायची. या सगळ्यात अवघड काम काय, असं विचारलं तर म्हणत, “माणसं हटवणं.” जानेवारी 2019 मध्ये नाशिक शहरात सावरकरनगरात बिबट्या शिरला, गर्दी त्याच्या मागे धावली आणि माणसं जखमी झाली. तात्या तेव्हा हयात नव्हते.

बिबट्यासोबत जगायला शिका, हे शहरात बसून सांगणं सोपं आहे. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरात तात्या कधी असं बोलले नाहीत. अंगणात गप्प बसत, मग बॅटरी घेऊन रात्रपाळीला उभे राहत. माझ्या मते ज्ञानाइतकंच हेही शिकण्यासारखं होतं.

मी आता ऊसतोडीच्या हंगामात शाळांतून मुलांना त्यांनीच शिकवलेलं सांगत फिरते. तुम्हालाही सांगते: सरीत डोळे नुकते उघडलेली पिल्लं दिसली तर ती अनाथ समजू नका, आई जवळपासच असते. हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, त्या फडातली तोड थांबवा आणि 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा. पिल्लं त्याच जागी राहिली, तर बहुतेक वेळा मादी रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.