तुझा पगार कदी व्हतो रे?

आजीने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा माझ्या पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं आणि मी तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर इतिहास शिकवत होतो. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत तासिका तत्त्व. जेवढे तास घ्याल तेवढ्याच तासांचे पैसे. परीक्षा आली, गॅदरिंग आलं, दिवाळी आली, की तास नाही आणि तासाचे पैसेही नाहीत.

"वर्षातून एकदा होतो, आजी. कधी दोनदा."

ती शेंगा फोडत होती. हात थांबला. "आमचा तर दुष्काळात बी आठवड्याला व्हायचा. उशीर झाला की बाया मुकादमाला घेरायच्या. तुमी कुनाला घेरता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे माझ्या पीएचडीचा विषयच तो होता. 1972चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना.

आजी तेव्हा चोविसेक वर्षांची होती. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या भागात सलग दोन वर्षं पाऊस हरवला होता. ती पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, नंतर खडी फोडायची. माझे वडील पाच वर्षांचे. ते बाभळीखाली बसून कामावर मिळणारी सुकडी खायचे. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. काम मागणं हा हक्क आहे, ही कल्पना वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडली होती आणि तासगाव भागात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने ती अख्ख्या राज्याच्या गळी उतरवली. 1977 साली विधिमंडळात कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. 2005 साली देशभरासाठी जो कायदा आला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते मिळालं पाहिजे, आणि केलेल्या कामाची मजुरी जास्तीत जास्त 15 दिवसांत हातात पडली पाहिजे. प्रत्यक्षात मजुरी रखडायची, हे मान्य. पण निदान तसं लिहिलेलं तरी होतं.

मी दिवसा रोजगाराच्या हमीवर टिपणं काढायचो आणि संध्याकाळी बँकेचं ॲप उघडून बघायचो. पहिल्या वर्षाचं मानधन मे महिन्यात एकरकमी आलं. त्यातून व्यवसाय कर कापला होता. हा कर राज्यात 1975 साली आणला गेला, तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. मी त्या पावतीचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. हसणारे इमोजी आले. गंमत कुणाला कळली असेल, माहीत नाही.

पीएचडीचं बाहेरून दिसणारं चित्र वेगळं असतं. गावात मला 2018पासूनच 'डॉक्टर' म्हणायला लागले. लग्नाच्या बैठकीत मात्र पाहुणे नेमकं विचारायचे, "म्हणजे सध्या शिकतोयच ना?" सव्विसाव्या वर्षी मी 'हो' म्हणायचो. तिसाव्या वर्षीही 'हो' म्हणायला लागलं, तेव्हा आईने मला बैठकीला बसवणं बंद केलं.

माझे गाइड चांगले होते, हे आधी सांगितलं पाहिजे. त्यांनी मला कधी घरची कामं लावली नाहीत की स्वतःचं नाव माझ्या पेपरवर चिकटवलं नाही. पण प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात आणि त्यांच्याकडे आठही जागा भरलेल्या होत्या. शिवाय विभागाचं प्रमुखपद, नॅकची तयारी, परीक्षेची कामं. माझं दुसरं प्रकरण त्यांच्या टेबलावर चार महिने पडून होतं. मी दर पंधरा दिवसांनी जायचो, चहा व्हायचा, फाइल तशीच असायची. राग कुणावर काढायचा? तेही कुठल्या तरी टेबलाखाली दबलेले दिसायचे.

मग 2020 आलं. पुराभिलेखागार बंद, ग्रंथालयं बंद. माझ्या यादीतले वयस्कर मजूर, ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, त्यातले चार जण त्या दोन वर्षांत गेले. त्यांच्याकडे काय होतं ते आता कळायला मार्ग नाही. मुदत वाढवून मिळाली, पण गेलेली माणसं मुदतवाढीत मिळत नाहीत.

या सगळ्यात नियमही जागेवर राहत नव्हते. मी नाव नोंदवलं तेव्हा प्रबंध देण्याआधी संशोधनपत्रिकेत पेपर छापून येणं सक्तीचं होतं. या सक्तीवर एक अख्खा बाजार उभा होता. व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे: पैसे भरा, आठ दिवसांत पेपर, सोबत प्रमाणपत्र. मी पहिल्या वर्षी असा एक पेपर छापला. खोटं सांगत नाही. दोन हजार रुपये दिले, कुणी एक ओळही तपासली नाही. त्या पेपरात दुष्काळाचं वर्ष एका ठिकाणी चुकलं आहे आणि ते तसंच छापलेलं आहे. पुढे 2022च्या नियमावलीने ती सक्तीच काढली.

दुसरा धक्का 2023च्या जुलैत बसला. 2018च्या नियमांत म्हटलं होतं की विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागणारच. ती तारीख आधी पुढे गेली. मग 1 जुलै 2023पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठरली आणि पीएचडी ऐच्छिक झाली. निर्णय चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. प्राध्यापक होण्यासाठी सगळ्यांनी प्रबंध लिहावा, यातूनच तर तो बाजार फोफावला. पण पाच वर्षं एका दारासमोर रांगेत उभं राहिल्यावर कुणी येऊन सांगावं की बाजूचं दार उघडंच आहे, तसं झालं.

माझ्या मैत्रिणीचं तर याहून वाईट. तिला जेआरएफ हवी होती, म्हणजे दरमहा 37 हजार रुपये, म्हणजे घरच्यांना पटेल असा आकडा. जून 2024ची नेट तिने 18 तारखेला दिली. पेपर छान गेला म्हणून आम्ही मिसळ खाल्ली. 19 तारखेला रात्री परीक्षा रद्द झाल्याची बातमी आली. ती पुन्हा बसली नाही. आता एका खाजगी बँकेत आहे, दर महिन्याच्या एक तारखेला पगार होतो. मला तिचा हेवा वाटतो, हे मी तिला सांगितलंय. तिला माझा वाटतो, हे तिने मला सांगितलंय.

प्रबंध दिल्यावर मी कायम जागेच्या एका मुलाखतीला गेलो. बाहेर बाकावर बसलो असताना सफारी घातलेले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले.

"सर, तयारी किती आहे?"

"प्रबंध सबमिट झालाय. सेट आहे. दोन पेपर आहेत."

ते हसले. "ती तयारी नाही हो सर."

मग त्यांनी एक आकडा सांगितला. आमचं साडेतीन एकर शेत विकूनही तो झाला नसता. मी आत जाऊन मुलाखत दिली. त्यांनी मला 1972वर एक प्रश्न विचारला आणि उत्तर अर्धं झाल्यावर 'थँक यू' म्हणाले.

2025मध्ये व्हायवा झाला. प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन मी गावी गेलो. आजीला वाचता येत नाही. तिने जाड पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्यात माझी हजेरी हाय का?"

होती. चौथ्या प्रकरणात तिची मुलाखत आहे. तिच्या गटातल्या अकरा बायकांची नावं तिला पाठ होती. तलावाच्या कोणत्या बाजूला कुणी काम केलं, कुणाचं बाळंतपण कामावर झालं, कुणाची मजुरी बुडाली. यातलं काहीही सरकारी कागदात मला सापडलं नव्हतं. मी पान काढून एकेक नाव वाचलं. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. एका नावावर म्हणाली, "ती लई हसायची." ते प्रबंधात नाही. व्हायला हवं होतं.

सात वर्षांत मला एवढ्याच एका क्षणी वाटलं की हे काम करण्यासारखं आहे. आणि खरं तर म्हणूनच राग येतो. काम फालतू असतं तर सोडून देता आलं असतं. ते चांगलं आहे, गरजेचं आहे, आणि नेमक्या त्याच भरवशावर ते फुकटात करून घेतलं जातं. 'ज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं' असं मला अनेकांनी सांगितलं. त्यातल्या बहुतेकांचा पगार एक तारखेला होत होता.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात टीवायबीएची एक मुलगी तासानंतर थांबली. "सर, एमए करून पुढे पीएचडी करू का?" मी विचारलं, का करायची आहे? ती आधी म्हणाली, इतिहास आवडतो. मग खाली बघत म्हणाली, "शिकतेय म्हटलं की घरचे लग्नाचं थांबतात."

मला पटकन 'नको' म्हणता आलं असतं. माझ्याकडे सात वर्षांची कारणं तयार होती. पण तिच्यासाठी ही पाच-सहा वर्षं म्हणजे एकटीने उभं राहायला मिळणारी जागा होती. ती जागा तिला नाकारणारा मी कोण?

मी तिला सांगितलं ते एवढंच. आधी जेआरएफसाठी जीव तोडून अभ्यास कर. पैशाशिवाय नाव नोंदवू नको, आणि फेलोशिप मंजूर झाली तरी सहा महिने हप्ता येणार नाही असं धरून चाल. गाइड निवडताना त्यांची पुस्तकं बघ, पण त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोनही कर. किती जणांचं पूर्ण झालं आणि किती वर्षांत, ते विचार. पैसे देऊन पेपर छापू नको, ती चूक नावाला कायमची चिकटते. आणि विषय असा घे, की नोकरी मिळाली नाही तरी तो केल्याचा पश्चात्ताप होणार नाही.

तिने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "सर, तुम्हाला होतो का?"

"पगार?"

"नाही सर. पश्चात्ताप."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सोमवारी नव्या वर्षाच्या सीएचबीची मुलाखत आहे, त्याच कॉलेजात, सातवीच फाइल घेऊन. यंदा नावामागे 'डॉ.' लागेल. तासाचा दर तोच राहील.