अलिबागहून आलेय!

‘अलिबागसे आया है क्या?’ हा डायलॉग मुंबईत आल्यापासून मी निदान हजार वेळा ऐकलाय. लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, एकदा तर चक्क इंटरव्ह्यूमध्ये. आधी राग यायचा, मग सवय झाली. पण एकदाच मी आपणहून, छाती पुढे काढून सांगितलं, ‘हो, अलिबागहून आलेय!’ आणि तिथेच सगळा घोळ झाला.

झालं असं, की कॅपचा मेसेज आला. कॅप म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट. कॉलेजच्या खो-खो टीमची कॅप्टन, म्हणून कायमची कॅप. मास कम्युनिकेशनची दोन वर्षं आम्ही तिघींनी एका खोलीत काढली. तिसरी आता फ्रँकफर्टला आयटीत आहे आणि कॅप माल्टात, एका ऑनलाइन गेमिंग कंपनीच्या मार्केटिंगमध्ये. मुंबईत असताना कॅप दर रविवारी गेटवेसमोर शिडाच्या होड्या चालवायला शिकायची. आम्ही दोघी झोपा काढायचो. माल्टात गेल्यावर तिला कळलं, की इथे समुद्र ऑफिसच्या खिडकीतच आहे. मग काय, पोरगी सुटलीच.

मेसेज असा होता : ‘ऑक्टोबरात मिडल सी रेस आहे. आमच्या बोटीवर एक जागा रिकामी झालीय. फ्रँकफर्टवाली पण येतेय, बघायला. तुला बोटीवरचं काही येतं का? खरं सांग.’

मी तेव्हा एका बिल्डरच्या ब्रोशरचं भाषांतर करत होते. आधीच्या तीन लेखांचे पैसे अडकले होते. टेबलफॅनचा आवाज येत होता, वारा येत नव्हता. मी टाइप केलं, ‘अगं, अलिबागची पोरगी मी. हा काय प्रश्न झाला?’ ‘खरं सांग’ हे दोन शब्द मी वाचलेच नाहीत असं सांगायला आवडलं असतं. पण वाचले होते.

आता तुम्हाला खरं सांगते. आमच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर आहे. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचं, भरतीच्या आत परत यायचं, एवढाच आमचा दर्याशी संबंध. मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा माझं डोकं गरगरतं. पोहता येत नाही. कोळीवाड्यातली माणसं समुद्रावर जातात, आम्ही त्यांनी आणलेले बोंबील घ्यायला जातो. आई नेहमी म्हणते, ‘आपण समुद्राकाठचे, समुद्रावरचे नाही.’ पण हे सगळं मेसेजमध्ये कोण लिहिणार? त्यात मी ‘यॉट रेस, थेट डेकवरून!’ अशी आयडिया एका संपादकांना विकूनही टाकली होती. शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभी राहिले तेव्हा परतीचा रस्ता बंद झालेला होता.

इस्तंबूलला विमान बदलून माल्टाला पोचले आणि पहिल्या दिवशीच प्रेमात पडले. देश केवढा, तर ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा. १५६५च्या मोठ्या वेढ्यानंतर तिथल्या सरदारांनी वालेट्टा हे शहर वसवलं. सगळं मधाच्या रंगाच्या दगडाचं. बुरूज आणि तटबंदी बघून मला तर घरच्यासारखंच वाटलं. मासेमारीच्या होड्या निळ्या-पिवळ्या-लाल रंगवलेल्या आणि नाळेवर दोन डोळे काढलेले. भाषा अरबीच्या कुळातली, लिपी मात्र रोमन. पुस्तकाला म्हणतात ‘क्तीब’, दुनियेला ‘दिन्या’ आणि साबणाला ‘सापून’! पास्तित्सी नावाचा खुसखुशीत प्रकार मिळतो, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. म्हणजे मटार करंजीची मावसबहीणच. पहिल्या दोन दिवसांत मी किती खाल्ल्या ते विचारू नका. नंतर त्या सगळ्या आठवल्या.

या रेसबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९६८ साली सुरू झाली. अंतर ६०६ सागरी मैल, म्हणजे सव्वाअकराशे किलोमीटरच्या आसपास. वालेट्टाच्या ग्रँड हार्बरमधून निघायचं, सिसिलीला उजवा वळसा न घालता डावा घालायचा. मेसिनाच्या सामुद्रधुनीतून वर जायचं, स्ट्राँबोलीच्या जागत्या ज्वालामुखीला फेरी मारायची, मग पश्चिमेकडून खाली पान्तेलेरिया आणि लाम्पेदुसा बेटांवरून परत माल्टा. कुठे नांगर टाकून झोपायचं नाही. २०२१ मध्ये ‘आर्गो’ या तीन सांगाड्यांच्या बोटीने हे अंतर साडेतेहतीस तासांत कापलं होतं. साध्या बोटींना चार-पाच दिवस लागतात. पण गंमत अशी, की मुख्य करंडक पहिल्या येणाऱ्या बोटीला मिळत नाही. बोटीचा आकार-वजन बघून वेळेचा हिशेब करतात, त्यामुळे अब्जाधीशाच्या शंभर फुटी बोटीला घरगुती बोट हरवू शकते. २०१९ आणि २०२० अशी सलग दोन वर्षं माल्टाच्याच पोडेस्टा कुटुंबातल्या तीन भावंडांनी ‘इल्युसिव्ह २’वरून ती जिंकली. कॅप ही गोष्ट सांगताना तिचे डोळे अक्षरशः चमकत होते.

आमची बोट ३६ फुटी, क्रू आठ जणांचा. स्किपर साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. ताशबीशच्या यॉट क्लबवर पहिली भेट झाली. त्यांनी विचारलं, ‘तू कुठे सेलिंग करतेस?’ मी म्हटलं, ‘अलिबागला.’ ‘समुद्र कसा असतो?’ ‘पावसाळ्यात फार खवळतो,’ मी म्हणाले. यातलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं! मग कॅपने सगळ्यांना दिलीप दोंदेंची गोष्ट सांगितली : गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय, आणि तोही मराठी माणूस. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी पण दोंदे माझे सख्खे काका असल्यासारखी मान डोलावली.

रेसच्या दोन दिवस आधी सरावाला निघालो. पहिला अर्धा तास भन्नाट. वाऱ्याच्या बाजूच्या कठड्यावर ओळीने पाय बाहेर सोडून बसायचं, म्हणजे बोट फार कलंडत नाही. थोडक्यात, आपण म्हणजे वजन. हे मला जमणारं होतं. पण बंदराच्या बाहेर लाटा लागल्या आणि सकाळच्या पास्तित्सी वर यायला लागल्या. प्रत्येक जण काहीतरी ओरडत होता, दोर ओढत होता, सोडत होता. दोरांची नावं मला ठाऊक नव्हती. विचारायला तोंड उघडावं, तर अलिबागची लाज!

आता एक तांत्रिक गोष्ट. मोठ्या शिडाच्या खाली एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वारा पाठीमागून असताना बोट वळवली, की हा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन येतो. वाटेत डोकं असेल तर डोकं जातं. म्हणून स्किपर आधी ओरडून सांगतात आणि सगळे खाली वाकतात. स्किपर ओरडले. सगळे वाकले. मी नेमकी उभी राहिले, कारण मला उलटी होणार होती आणि ते काय म्हणाले ते मला कळलं नव्हतं.

‘खाली!’ कॅप मराठीत ओरडली आणि हातातला दोर सोडून तिने मला लाइफ जॅकेटला धरून खेचलं. डोक्यावरून काहीतरी सुंकन गेलं. आम्ही दोघी आपटलो. मी तिच्या अंगावर आणि तिचा डावा हात खाली, दोर गुंडाळायच्या लोखंडी विंचवर.

मनगटाचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर स्किपर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, ‘आजवर किती वेळा बोट चालवलीस?’ मी म्हटलं, ‘एकदाही नाही.’ ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तर तुला शेजारी बसवून एकेक दोर दाखवला असता. मी चाळीस वर्षं तेच करत आलोय.’

टॅक्सीत कॅप काहीच बोलली नाही. हाताला प्लॅस्टर, नजर खिडकीबाहेर. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या बोटी घासत होती, सुट्ट्या साठवत होती, समुद्रात जीव वाचवायचं ट्रेनिंग स्वतःच्या पैशाने करून आली होती. ही तिची पहिली मिडल सी रेस होती. घरी पोचल्यावर फ्रँकफर्टवालीने मला स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं, ‘येत नाही म्हणायला काय झालं होतं तुला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुकट ट्रिप नव्हती, लेखाचे पैसेही फार नव्हते. कॅप बोटीवर आणि आपण बिल्डरच्या ब्रोशरवर, हे मला बघवत नव्हतं, एवढंच. पण हे त्या वेळी तोंडातून निघालं नाही.

शनिवारी शर्यत सुटली. वालेट्टाच्या अपर बराक्का बागेत तुडुंब गर्दी. खाली तोफांची रांग, पलीकडे ग्रँड हार्बर, चहूबाजूंना तट. बोटी गटागटाने सोडतात आणि प्रत्येक गटाला एक तोफ. शंभरच्या आसपास शिडं त्या चिंचोळ्या बंदरात इकडून तिकडे धडपडत होती. धूर, टाळ्या, कॅमेरे. आमची बोट दिसली. आठाऐवजी सहा जण होते. कॅपने उजवा हात वर केला आणि बोट वळणापलीकडे जाईपर्यंत खाली घेतला नाही. मी तिच्या मागे दोन पावलं उभी होते. शेजारी उभं राहायची हिंमत झाली नाही.

नंतरचे दिवस म्हणजे फोनवरचा एक ठिपका. प्रत्येक बोटीवर ट्रॅकर असतो, त्यामुळे कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं. फ्रँकफर्टवाली सोमवारी परत गेली. उरलो आम्ही दोघी आणि तो ठिपका. कॅप ऑफिसला जायची, यायची, जेवायची. ‘मीठ दे’, ‘दार लाव’, एवढाच संवाद. संपादकांचा मेसेज आला, ‘डेकवरचे फोटो कधी?’ क्रूच्या ग्रुपवर फोटो होते. दोन ओळी बदलल्या असत्या, तर मी रेस केली असं छापून आलं असतं आणि मुंबईत कुणाला कळलंही नसतं. खोटं बोलणार नाही, मी अर्धा तास तो विचार केला. मग सगळं खरं लिहून पाठवलं. तीन दिवस उत्तर नाही.

एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर कॅप अंधारात फोन घेऊन बसलेली. ठिपका स्ट्राँबोलीजवळ होता आणि हलत नव्हता. मी आल्याचा चहा केला. कप तिच्या उजव्या हाताला लागेल असा ठेवला आणि जायला वळले, तर ती म्हणाली, ‘वारा पडलाय तिथे.’

मी बसले. मग ती बोलतच राहिली. स्ट्राँबोलीला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणतात, कारण त्याची आग रात्री लांबून दिसते. वारा पडला की शिडं नुसती लुळी लोंबतात. पण झोपता येत नाही. थोडी जरी झुळूक आली तर ती पकडायला कुणीतरी जागं हवं. निम्म्यांनी जागायचं, निम्म्यांनी ओल्या कपड्यांतच झोपायचं, मग अदलाबदल. ‘आत्ता माझी पाळी असती,’ ती म्हणाली. नंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

‘सॉरी’ म्हणून झालं होतं, सतरा वेळा. त्या रात्री मी पहिल्यांदा दुसरं काहीतरी म्हणाले. म्हटलं, ‘मला तुझा हेवा वाटत होता गं.’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘माहितेय,’ ती म्हणाली. ‘हॉस्टेलमध्ये मला तुझा वाटायचा. तुझे लेख छापून यायचे.’ मग थोड्या वेळाने, ‘लिहून घेत नाहीयेस?’ मी नाही म्हटलं. ‘घे. नाहीतर काहीतरी चुकीचं छापशील.’

पाचव्या दिवशी पहाटे बोट मार्सामशेट बंदरात शिरली. सगळ्यांचे चेहरे मिठाने पांढरे, ओठ फुटलेले. त्यांच्या गटात खालून तिसरा नंबर, पण पूर्ण केली. स्किपरनी बांधायचा दोर फेकला तो कॅपच्या दिशेने. एका हाताने तिला तो ओढून बांधता येईना. मी पुढे झाले. कसं बांधायचं ते मला येत नव्हतं. मी म्हटलं, ‘मला येत नाही. सांग.’ तिने सांगितलं. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

सगळं गोड झालं असं नाही. मनगट थंडीत अजून दुखतं तिचं, आणि त्याबद्दल ती मला ऐकवते. पुढच्या ऑक्टोबरात तिने रेस पूर्ण केली. मी दादरच्या खोलीत ठिपका बघत रात्री जागवल्या. स्ट्राँबोलीशी तो पुन्हा अडकला तेव्हा आल्याचा चहा करून घेतला, एकटीसाठीच. आणि संपादकांचं उत्तर आलं होतं, उशिरा का होईना : ‘मग हेच लिहा.’ लिहायला मला वर्ष लागलं.

सध्या रोज सकाळी पोहायला शिकतेय. बॅचमध्ये माझ्याशिवाय सगळे सात-आठ वर्षांचे. पहिल्या दिवशी सरांनी फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, ‘मॅडम, अलिबागच्या आणि पोहता येत नाही?’

‘नाही येत,’ मी म्हटलं. ‘म्हणून तर आलेय.’