आम्ही ठाण्याच्या प्रेमात पडलो

प्रेमाचे शहर म्हटले की जाणकार मंडळी पॅरिसचे नाव घेतात. आपल्या देशातले विचारले तर तळ्यांचे उदयपूर सांगतात. कारकुनी पगारात पॅरिस बसत नाही आणि उदयपूरसाठी रजा मंजूर होत नाही. म्हणून आम्ही जवळच्याच एका तळ्यांच्या शहराच्या प्रेमात पडलो. ते शहर म्हणजे ठाणे.

वाचक म्हणतील, कल्याणहून रोज लोकलने ठाण्यावरूनच जाता, मग प्रेम आताच कसे जडले? त्याचे असे आहे की, कामावर जाणाऱ्या माणसाला शहर दिसत नाही, फलाट दिसतो. वीस वर्षे आमच्यासाठी ठाणे म्हणजे डब्यात गर्दी शिरण्याचे ठिकाण होते. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथेच आली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी आणि ३४ किलोमीटरचे अंतर. १ मे १८५४ रोजी ती आमच्या कल्याणपर्यंत पोहोचली. याच रुळांवरून आपले किती वाडवडील गावकुसाबाहेरून निघून पोटापाण्यासाठी शहरात आले!

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही एकटेच निघालो. शेजारच्या काकांनी विचारले, "कुणाकडे चाललात?" म्हटले, "कुणाकडे नाही, असेच." त्यांना ते पटले नाही. आपल्या वस्तीत माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, मयताला, नाहीतर मोर्चाला!

कळवा सोडले की खाडी लागते. त्या दिवशी खिडकी मिळाली होती, म्हणून ती डोळे भरून पाहिली. स्टेशनातून चालत तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावावर गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. एकीकडे कोपिनेश्वराचे देऊळ, जवळच जुने चर्च, काठावर गडकरी रंगायतन. मक्याची कणसे भाजल्याचा वास सुटलेला. कठड्यावर एक म्हातारे जोडपे, एक वडापाव खाणारे कुटुंब आणि एका छत्रीत बसलेली दोन तरुण पोरे. त्यांच्यातच आम्ही जागा धरली. कणीसवाल्या मावशींनी विचारले, "भाऊ, लिंबू-मीठ जास्त लावू का?" दोन तासांत आम्हाला कुणी विचारलेला हा एकच प्रश्न. गाव कोणते, आडनाव काय, हे कुणीच विचारले नाही. आम्ही प्रेमात पडलो ते तिथेच.

आमचे वडील महाडकडचे. गावच्या विहिरीवर आमच्या आजीला घागर घेऊन लांब उभे राहावे लागे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. पण कागदावरच्या ठरावाने तहान भागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले, आणि हायकोर्टाचा अंतिम निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. तेव्हा पाण्याच्या काठी निवांत बसणे ही आमच्या लेखी नुसती हौस नाही.

याहून जुनी एक आठवण आमच्या कल्याणची आहे. कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले लेख आहेत. त्यांत कल्याणच्या दानशूरांचे उल्लेख येतात. एका लेखात कल्याणच्या एका सुवर्णकाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. कोणाही वाटसरूने प्यावे असे पाणी देणाऱ्या गावचे आपण रहिवासी आहोत!

छत्रीतल्या त्या दोघांकडे पाहून एक गृहस्थ पुटपुटले, "काय ही पिढी!" आम्हाला तसे वाटले नाही. जातीचा कणा मोडायचा तर खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. पण विवाह होण्याआधी दोन माणसांना बोलायला चार फूट जागा लागते. गावात ती मिळत नाही, इथे मिळते. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लावताना मुलामुलींचे चेहरे कसे होतात, ते आम्ही कार्यकर्ते म्हणून जवळून पाहिले आहे. त्या ३० दिवसांत घरचे शोधत येतात, धमक्या देतात. तेव्हा शहरातला हा अनोळखीपणाच त्यांना सांभाळून घेतो.

शहर निर्मळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारणारे इथेही आहेत, आणि ते आम्हाला भेटले आहेत. तळ्याचा काठ जितका मोकळा झाला तितका सोसायटीचा जिना अजून झालेला नाही. ते काम बाकी आहे.

बंधू-भगिनींनो, ठाण्यात मासुंदा आहे, कचराळी आहे, उपवन आहे. एखाद्या रविवारी यांपैकी एका तळ्यावर एकटे जा. भगिनींनी तर जरूर जावे आणि कुणाची परवानगी न मागता तासभर बसावे. पुढच्या वेळी मुलांना न्या, चवदार तळ्याची हकिगत त्यांना काठावर बसूनच सांगा. आणि उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी कुणासोबत अशाच कठड्यावर बसलेली दिसली, तर सोबतच्याचे आडनाव विचारण्याआधी त्याचा स्वभाव विचारा.