बी म्हणजे बंद!

बालमित्रांनो, आज तुम्हाला एक कोडं घालते. सुरू करायला एक बटण पुरतं, पण थांबवायचं म्हटलं की रीतसर निरोप घ्यावा लागतो, असं यंत्र कोणतं? ओळखलंत ना? बरोबर, संगणक!

“त्यात काय बाई, भिंतीवरचं बटण बंद केलं की झालं!” असं आमच्या चौथीच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मग मी पाटी आणि वही हातात घेते. तुम्हीही घ्या पाहू डोळ्यांपुढे.

संगणकात तुम्ही जे लिहिता ते आधी त्याच्या पाटीवर उमटतं. या पाटीला म्हणतात रॅम. वीज आहे तोवर तिच्यावर अक्षरं दिसतात, वीज गेली की पाटी कोरी! ‘सेव्ह’ केलं की मजकूर वहीत उतरतो. ही वही म्हणजे हार्ड डिस्क. जुन्या संगणकांत ती खरोखरीच गरगर फिरणारी तबकडी असते. काही तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. करा गणित! सेकंदाला १२० फेरे झाले की नाही? आणि तिच्यावर लिहिणारं टोक तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. शिवाय संगणक थोडा आळशीसुद्धा आहे बरं का! सगळं लगेच वहीत उतरवत नाही. थोडं पाटीवर ठेवतो आणि सवड मिळेल तसं उतरवतो. अशा वेळी कुणी वीजच तोडली तर? लिहिता लिहिता वही हिसकावल्यासारखं होतं. ओळ अर्धी राहते. कधी कधी पानच वाचता येत नाही.

म्हणून त्याला आधी सांगावं लागतं, “बाबा रे, आवर आता.” शाळेची शेवटची घंटा होते तेव्हा आपण दप्तर भरतो, खिडक्या लावतो, मग बाहेर पडतो. तसंच त्याचं. या आवराआवरीलाच ‘शट डाऊन’ म्हणतात. आणि आवरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं म्हणजे ‘रीस्टार्ट’.

आता आमच्या संगणकाची ओळख करून देते. आमची शाळा जिल्हा परिषदेची. एका कार्यालयानं नवे संगणक घेतले तेव्हा एक जुना आम्हाला मिळाला. त्यात विंडोज एक्सपी आहे. ही प्रणाली २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल थांबवली. म्हणून आम्ही तो इंटरनेटला मुळीच जोडत नाही. पण गोष्टी टंकायला नि चित्रं काढायला आमचा म्हातारा अजून ठणठणीत आहे!

आमच्या शाळेत बाल मंत्रिमंडळ आहे. आरोग्यमंत्री नखं तपासतात, पर्यावरणमंत्री झाडांना पाणी घालतात. संगणक आल्यावर आम्ही एक नवं खातं काढलं, संगणकमंत्री! दर आठवड्याला नवा मंत्री. सकाळी संगणक सुरू करायचा, पाळीप्रमाणे मुलांना बसवायचं आणि शाळा सुटताना तो नीट बंद करायचा. या मंत्रिपदासाठी काय भांडणं व्हायची म्हणून सांगू!

फक्त एक मुलगा कधी भांडायचा नाही. त्याचं नाव सांगत नाही, कारण “नाव नको हं बाई,” असं त्यानंच बजावलंय. एकोणतीसचा पाढा तो उलटा म्हणून दाखवतो. मात्र जन्मापासून त्याचा डावा हात फारसा उचलत नाही आणि उजवा थरथरतो. त्याची पाळी आली की म्हणायचा, “माझी पाळी दुसऱ्याला द्या. मला नाही आवडत ते.”

मुलांनो, ‘मला नाही आवडत’ या शब्दांमागे कधी कधी ‘मला जमू दिलं जात नाही’ असं लपलेलं असतं. एकदा आग्रहानं त्याला बसवलं. एक्सपीमध्ये ‘स्टार्ट’वर टिचकी मारून ‘टर्न ऑफ कॉम्प्युटर’ निवडलं की तीन बटणं शेजारी शेजारी येतात. पिवळं ‘स्टँड बाय’, लाल ‘टर्न ऑफ’ आणि हिरवं ‘रीस्टार्ट’. माउस म्हणजे शेवटी उंदीरच! त्याच्या हातात सापडेचना. बाण लालवर न्यायचा, टिचकी मारेपर्यंत तो हिरव्यावर! संगणक बंद झाला आणि लगेच पुन्हा जागा झाला. वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

कॅबिनेटवरचं बटण दाबायला सांगावं, तर ते दबलं की आतच अडकायचं. हे बटण चारएक सेकंद दाबलेलं राहिलं, तर संगणक आवराआवर न करता तडक बंद पडतो. म्हणजे पुन्हा वही हिसकावणंच! तेव्हा कीबोर्डवरूनच काही तरी वाट काढायला हवी होती.

इथं तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएम कंपनीनं आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो बनवणाऱ्यांत डेव्हिड ब्रॅडली नावाचे अभियंता होते. काम करताना संगणक अडकला की तो दर वेळी बंद करून पुन्हा सुरू करण्यात फार वेळ जायचा. म्हणून त्यांनी तीन कळा एकदम दाबल्या की संगणक पुन्हा सुरू होईल अशी सोय केली. आधी त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या कळा निवडल्या होत्या. पण या तिन्ही डाव्या बाजूला! एका हाताचा चुकून धक्का लागला तरी काम बुडायचं. मग एस्केपऐवजी त्यांनी पार उजवीकडची डिलीट ही कळ घेतली. आता दोन्ही हात लागणार, म्हणजे चुकून काही होणार नाही. जाणूनबुजून अवघड केलेली कळ! आहे ना गंमत?

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे ‘नाव नको’ महाशय मात्र हळूच म्हणाले, “पण बाई, एकच हात चालत असेल तर?”

किती नेमका प्रश्न! शंभर जणांच्या सोयीसाठी लावलेली कडी एकाला कुलूप वाटू शकते. मग आम्ही वर्गानं ठरवलं, याच्यासाठी सोपी वाट करायची. पण सोपी करताना चुकून कुणाचं काम बुडणार नाही हेही पाहायचं.

वाट कशी केली ते सांगते. तुमच्याकडे असा जुना संगणक असेल तर घरच्यांना विचारून तुम्हीही करू शकता. डेस्कटॉपवरच्या मोकळ्या जागेत माउसचं उजवं बटण दाबायचं, ‘न्यू’ आणि मग ‘शॉर्टकट’ निवडायचं. एक चौकट येते. तिच्यात इंग्रजीत ‘शटडाऊन’ हा शब्द मध्ये जागा न सोडता लिहायचा. मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून एस. पुन्हा एक जागा सोडून आडवी रेघ आणि टी, परत एक जागा आणि ३० हा आकडा, इंग्रजी अंकांत. एस म्हणजे ‘शट डाऊन’ आणि टी म्हणजे टाइम. “तीस सेकंदांनी बंद हो,” असा हा निरोप झाला. शॉर्टकटला नाव दिलं, ‘बंद’. दुसरा शॉर्टकटही असाच केला, फक्त एसच्या जागी आर, म्हणजे ‘रीस्टार्ट’. त्याचं नाव ‘पुन्हा’. तिसऱ्यात शटडाऊनपुढे आडवी रेघ आणि ए, एवढंच. त्याचा अर्थ, “थांब, मघाचा हुकूम मागे घेतला!” त्याचं नाव ‘रद्द’.

आता प्रत्येक शॉर्टकटवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडायचं. तिथं ‘शॉर्टकट की’ नावाची रिकामी ओळ असते. तिच्यात हवं ते अक्षर दाबलं की कंट्रोल आणि ऑल्ट त्याच्या आधी आपोआप येऊन बसतात. ‘ओके’ म्हटलं की काम फत्ते! हे शॉर्टकट डेस्कटॉपवरच राहू द्यायचे हं, नाही तर कळा चालत नाहीत.

अक्षरं कोणती घ्यायची यावर वर्गात मोठी सभा झाली. शेवटी ठरलं, बंदचा बी, पुन्हाचा पी आणि रद्दचा आर. आता तुमच्या कीबोर्डकडे पाहा. बी खालच्या ओळीत मधे, पी वरच्या ओळीत उजवीकडे आणि आर वरच्या ओळीत डावीकडे. तिघंही एकमेकांपासून लांब! थरथरतं बोट एकावरून दुसऱ्यावर घसरायची भीती नाही. हे कुणाच्या लक्षात आलं असेल? त्याच्याच!

पण कंट्रोल, ऑल्ट आणि बी एकदम दाबायच्या कशा, एका हातानं? त्यालाही उपाय आहे. शिफ्टची कळ ओळीनं पाच वेळा दाबली की विंडोज एक खिडकी उघडून विचारतं, ‘स्टिकी कीज’ हव्यात का? ‘ओके’ म्हणायचं. मग कंट्रोल दाबून सोडायची, ऑल्ट दाबून सोडायची, शेवटी बी. संगणक तिन्ही एकत्र दाबल्या असंच धरतो. एका बोटानं, सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन!

पुढच्या सोमवारी तो स्वतःहून उभा राहिला. “बाई, या आठवड्यात मी मंत्री.”

त्याच आठवड्यात आमच्या हस्तलिखिताचं काम चाललं होतं. त्या वर्षी मुलांनी आपापल्या गोष्टी संगणकावर टंकायचं ठरवलं होतं. गुरुवारी दुपारी मी व्हरांड्यात खिचडी वाढत होते, तोच वीज गेली आणि आतून यूपीएसची टीं टीं ऐकू आली. आमच्या यूपीएसची जुनी बॅटरी जेमतेम पाच मिनिटं तग धरते. हातातला डाव स्वयंपाकाच्या मावशींना देऊन मी दाराशी पोचले, तर मंत्रिमहोदय खुर्चीवर होते. कंट्रोल, ऑल्ट, बी. पडद्यावर तीस, एकोणतीस, अठ्ठावीस अशी उलटी मोजणी सुरू झाली.

इतक्यात पलीकडून एक मुलगी रडकुंडीला येऊन ओरडली, “अरे, माझी गोष्ट सेव्ह नाही केली!”

मी पाऊल पुढे टाकलं, पण मध्ये पडले नाही. त्यानं मान वर न करता कंट्रोल दाबली. ऑल्ट दाबली. बोट थरथरत आरवर गेलं. मोजणी थांबली! “कर सेव्ह,” तो तिला म्हणाला. तिनं केलं. मग पुन्हा तीन कळा, पुन्हा मोजणी, आणि यूपीएस गप्प होण्याआधी आमचा म्हातारा नीट निरोप घेऊन झोपला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना खिचडीची घाई होती. तोही डबा घेऊन रांगेत उभा राहिला, इतर मंत्र्यांसारखाच.

तर मित्रांनो, शॉर्टकट हा शब्द आपण ‘लवकर उरकणं’ अशा अर्थी वापरतो. आमच्या वर्गात त्याचा अर्थ वेगळा झाला. ज्याला रोजची वाट चालता येत नाही त्याच्यासाठी बांधलेली पायवाट, तो शॉर्टकट. आणि तीस सेकंदांची सवड कशाला? तर माणसाला विचार बदलता यावा म्हणून.

नव्या विंडोजमध्येही या युक्त्या चालतात. मोजणीची खिडकी तेवढी तशी दिसणार नाही. दोन पथ्यं मात्र पाळा. आधी काम सेव्ह करा, मगच बी दाबा. आणि दुसऱ्याच्या संगणकावर गंमत म्हणून हे कधीही करू नका.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. घरात कुणी ‘मला नाही आवडत’ म्हणालं, तर एकदा त्याच्या हाताकडे पाहा. कदाचित तीन कळा हलवायच्या बाकी असतील!