रात्रीची लाइट

आमच्याकडे शेतीची लाइट पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की अप्पा बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतात आणि मी हिंजवडीच्या खोलीतून फोन करत राहतो, "पोचलात का?"

गाव आंबेगाव तालुक्यातलं, डिंभे धरणाच्या कालव्यावरचं. कालव्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. बारा-अठरा महिने उभं राहणारं गच्च रान, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री-शेरडं. त्याला आणखी काय हवं?

मागच्या महिन्यात शेजारची कालवड गेली. गावाची मागणी एकच, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. ग्रुपवर मीही तेच लिहिलं. मग वाचायला बसलो.

2001 पासून जुन्नर वनविभागात हेच मोठ्या प्रमाणावर करून झालंय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. बिबटे जिथे सोडले, तिकडेही हल्ले झाले.

इंग्लंडमध्ये असंच बॅजरचं झालं. बॅजर म्हणजे आपल्या चांदी अस्वलाचा आणि पाणमांजराचा भाऊबंद. त्याच्यामुळे गायींना टीबी होतो म्हणून 1998 पासून काही भागांत प्रयोग म्हणून बॅजर मारले. त्या भागांत टीबी घटला, पण भोवतालच्या पट्ट्यात वाढला. टोळ्या मोडल्यावर उरलेले बॅजर लांबवर भटकू लागले होते. आमच्या कामात याला म्हणतात, एक बग काढला आणि दोन घातले.

हे अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "एक नेला की दुसरा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे रे. पण ज्याचं पोर गेलं, त्याला हा हिशोब सांगशील का?"

नाही सांगू शकणार.

तरी ग्रुपवर नवा मेसेज टाकला. गोठे बंदिस्त करू आणि दिवसा थ्री-फेज मागू. दोन अंगठे आले, त्यातला एक बहिणीचा.

काल साडेअकराला अप्पांचा फोन आला. "पोचलो. मोटार चालू केली." बिबट्यानं लांब राहावं म्हणून त्यांनी दुसऱ्या मोबाइलवर मोठ्यानं भजन लावलं होतं. भजन संपेपर्यंत मी फोन ठेवला नाही.