पुढची मॅच कधी?

बर्फावरच्या हॉकीचा आणि पिशोरचा संबंध जोडायला गेलं तर तो बर्फाच्या गोळ्यापाशीच संपतो. कापूस, मका आणि अद्रकीचं आमचं गाव. तरी मी यूट्यूबवर कॅनडा-अमेरिकेतल्या बायकांची आइस हॉकी बघते. तिकडची संध्याकाळची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, त्यामुळे ऑफिसच्या आधी उरकते.

खेळ वेगवान आहेच, पण मी अडकले ती त्यांच्या वेळापत्रकात. कोण कोणाशी, कुठल्या गावात, कुठल्या तारखेला खेळणार, हे सीझन सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं. हरलेल्या संघालाही माहीत असतं की आपली पुढची मॅच अमुक दिवशी आहे.

एवढी साधी गोष्ट मिळवायला त्यांना बरीच वर्षं लागली. कॅनडात २००७ साली लीग सुरू झाली, तिने पहिली दहा वर्षं खेळाडूंना पगारच दिला नाही. दिवसा नोकरी, रात्री सराव. अमेरिकेत २०१५ साली पगार देणारी लीग आली आणि दुसऱ्याच सीझनमध्ये तिने पगार कापले. २०१९ मध्ये कॅनडातली लीग बंद पडली. तेव्हा दोनशेहून जास्त खेळाडूंनी मिळून जाहीर केलं, की या सीझनला आम्ही तिथल्या कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. ज्यांचं खेळण्याचं वय असं किती असतं, त्यांनी खेळणं थांबवलं! त्यातून पुढे पीडब्ल्यूएचएल उभी राहिली. १ जानेवारी २०२४ ला पहिली मॅच झाली. ६ संघ, आणि करारात कमीत कमी पगार ३५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २९ लाख रुपये. त्याच एप्रिलमध्ये माँट्रियलला एका मॅचला २१,१०५ माणसं आली. लोक बायकांचा खेळ बघत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगावा.

आपल्याकडे बर्फ नाही, पण कबड्डी आहे. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं, तेव्हाही ती होती. त्याच वर्षी प्रो कबड्डी सुरू झाली, ती पुरुषांची. मुलींच्या वाट्याला २०१६ मध्ये ‘वुमन्स कबड्डी चॅलेंज’ आलं. तीनच संघ, त्यातल्या एकाचं नाव गंमत म्हणजे ‘आइस दिवाज’. फायनल २४-२३ अशी, एका गुणाने सुटली. यापेक्षा रंगतदार फायनल काय असते? पुढच्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये गुरुग्रामला एका नव्या लीगमध्ये मुलींचेही संघ उतरले. त्यात ‘मराठी फाल्कन्स’ होता. दोन आठवड्यांत सगळं आटोपलं.

हे सगळं मला लागतं, कारण माझी चुलत बहीण कबड्डी खेळते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चढाईला गेली की एरवी घरात खाली मान घालून वावरणारी हीच का, असा प्रश्न पडतो. काकांचा खेळाला विरोध नाही. त्यांचा हिशोब वेगळा आहे. राज्य पातळीवर पदक मिळालं, की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात बसता येतं. “सर्टिफिकेट आलं, भरती झाली, की बास. मग लग्नाचं बघू,” असं ते म्हणतात. त्यांचं चूक आहे असं मी तोंड वर करून म्हणू शकत नाही. मला दर महिन्याला पगाराचा मेसेज येतो. तिला खेळून काय येतं? ट्रॅकसूट आणि ट्रॉफी.

लडाखच्या मुलींचंही फार निराळं नाही. २०२५ मध्ये महिलांच्या आशिया चषकात भारताच्या आइस हॉकी संघाने कांस्य जिंकलं, त्यात बहुतेक मुली तिकडच्याच. आयटीबीपीसारख्या दलाचा संघ असला, तर खेळाला नोकरीचा आधार मिळतो. म्हणजे लेह असो की पिशोर, मुलीच्या खेळाचा रस्ता वर्दीच्या दारातून जातो. वर्दी चांगलीच आहे. पण पोरगी चढाईत चांगली असेल, तर चढाईचेच पैसे मिळावेत, एवढं मागणं काही जास्त नाही.

मागच्या सुट्टीत मी तिला मोबाइलवर एक मॅच दाखवली. नियम तिला कळले नाहीत, धक्काबुक्की मात्र आवडली. हरलेल्या संघाच्या मुली हेल्मेट काढून बाहेर जात होत्या. ती म्हणाली, “ताई, यांची पुढची मॅच कधी?” मी बघून सांगितलं, चार दिवसांनी.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरंय यांचं.”

तिने सध्या पोलीस भरतीचा अभ्यास आणि जिल्हा संघाच्या निवड चाचणीची तयारी, दोन्ही धरलंय. काकांशी माझं एवढंच ठरलंय, की भरती झाली तरी खेळ लगेच सोडवायचा नाही. चाचणीची तारीख अजून लागलेली नाही. लागली की मी रजा टाकणार आहे.