मेरिटचे माप कोणते?

आरक्षणाचा विषय निघाला की आम्हा राखीव जागांवरून इंजिनिअर झालेल्यांना जगातल्या थोर तंत्रज्ञांची नावे ऐकवली जातात. 'तिकडे फक्त मेरिट चालते' हा त्यामागचा टोमणा. या यादीत वेर्नर फॉन ब्राउन हमखास असतो. १९६९ साली माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या विकासाचा हा प्रमुख. म्हणून आम्ही त्याचे चरित्र वाचायला घेतले, आणि नासाच्या आधीची पानेही वाचली.

१९१२ साली जर्मनीतल्या सरदार घराण्यात जन्म. बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट. घराणे, शिक्षण आणि लष्कराचा निधी, सारे वाट्याला आले. तो नाझी पक्षात आणि १९४० मध्ये एसएसमध्येही गेला. त्याच्या तांत्रिक नेतृत्वाखाली पेनेम्युंडे येथे व्ही-२ क्षेपणास्त्र तयार झाले. १९४३ मध्ये तिथे ब्रिटिश बॉम्ब पडल्यावर उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या बोगद्यांत हलवले गेले. तिथे राबवले कोणाला? डोरा छळछावणीतल्या कैद्यांना. डोरा आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६० हजार कैदी आणले गेले. त्यांतले २० हजारांच्या आसपास भूक, रोगराई, मारहाण आणि फाशीने मेले.

फॉन ब्राउनला हे ठाऊक नव्हते काय? तो त्या बोगद्यांत अनेकदा जाऊन आला होता. कुशल कैदी शोधण्यासाठी आपण बुखेनवाल्ड छावणीत गेलो होतो, असे ऑगस्ट १९४४ च्या त्याच्याच पत्रात आहे. 'कुशल कैदी' हे शब्द नीट वाचा. म्हणजे गुणवत्ता त्या कैद्यांतही होती. तिची किंमत मात्र गुलामी ठरली!

युद्धानंतर अमेरिकेने त्याला नेले. १९६० ते १९७० तो नासाच्या मार्शल केंद्राचा संचालक होता. कौतुकाच्या गदारोळात बोगद्यातली माणसे कितीतरी काळ झाकली गेली.

गेस्टापोने १९४४ मध्ये त्याला अटक केली होती, हे खरे. पण ती कैद्यांची बाजू घेतल्याबद्दल नव्हती. पुढे अलाबामात तो वंशभेदाविरुद्ध बोलला, हेही खरे. तेव्हा बोलता येते, हे त्याला कळत होते.

त्याची बुद्धी आम्ही नाकारत नाही. पण बाबासाहेबांनी आपल्याला नुसती प्रज्ञा सांगितली नाही. शील आणि करुणाही सांगितली. ज्या मेरिटला ही दोन मापे लावताच घाम फुटतो, ते आमच्यापुढे आदर्श म्हणून नाचवू नका.

मित्रांनो, आपली मुले-मुली आता रॉकेटच्या प्रयोगशाळांत जात आहेत. आणखी जायला हवीत. तिथे गणितात कुणापेक्षा कमी पडू नका. आणि त्याच आवारातल्या कंत्राटी सफाई कामगाराला हातमोजे आणि पूर्ण पगार मिळतो का, हेही विचारा. हा प्रश्न विचारल्याने आपले मेरिट कमी होत नाही. तो विचारणे हाच मेरिटचा अर्धा भाग आहे.

जय भीम!